सिल नदीची दरी: उन्हातले मळे, सावलीतल्या वाटा

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गालिसिया प्रदेशात, सिल नावाची नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत येते आणि ओस पेआरेस गावापाशी मिन्यो नदीला मिळते. संगमाच्या अलीकडे तिने खडकात इतकी खोल दरी कोरली आहे की काही ठिकाणी काठावरून पाणी ५०० मीटर खाली दिसतं. ही दरी आणि शेजारचं मिन्योचं खोरं मिळून जो भाग होतो त्याला रिबेइरा साक्रा म्हणतात. त्याची ख्याती दोन गोष्टींसाठी आहे: उभ्या उतारावरचे वाइनच्या द्राक्षांचे मळे आणि पायी हिंडायच्या वाटा. जाहिरातीत दोन्ही एकाच फोटोत दिसतात. प्रत्यक्षात मळे बहुतांशी एका काठावर आहेत आणि नावाजलेल्या वाटा दुसऱ्या. या प्रकरणातली सगळी गुंतागुंत त्या अंतरात आहे.

दरी पूर्व-पश्चिम असल्यामुळे दोन काठांचं नशीब वेगळं निघालं. उजवा काठ लुगो प्रांताचा. त्याचं तोंड दक्षिणेला, त्यामुळे दिवसभर ऊन. जमीन पाटीच्या दगडाची. दिवसा तापते आणि रात्री ती ऊब वेलींना देत राहते. सोबेर पालिकेतलं अमान्दी, त्याच उतारावरचं दोआदे, ही नावं वाइन पिणाऱ्यांना माहीत आहेत ती या उन्हामुळे. डावा काठ ओउरेन्से प्रांताचा. त्याचं तोंड उत्तरेला, म्हणून तिथे ओक आणि चेस्टनटचं दाट रान, शेवाळलेले खडक, आणि एकांत शोधत आलेल्या ख्रिस्ती संन्याशांचे मठ. जवळच्या सान पेद्रो दे रोकास इथल्या शिलालेखात ५७३ हे साल कोरलेलं आहे, यावरून ही वस्ती किती जुनी ते कळतं. हिंडणारा माणूस या सावलीतल्या काठावरून चालतो आणि पलीकडचे मळे बघतो. मळ्यातून तो क्वचितच जातो.

ही मांडणी कुणी ठरवून केलेली नाही. पण आज दरीतल्या वाटा टिकवायच्या कशा हा प्रश्न पालिकांपुढे आहे, आणि त्याचं उत्तर सावलीतल्या काठावर सापडणार नाही असं माझं मत आहे. ते का, हे सांगायचं तर आधी या वाटा कशा झाल्या ते पाहावं लागतं.

ओझ्याची वाट

इथली एकही जुनी वाट फिरण्यासाठी झालेली नाही. मठांच्या जमिनी कुळांकडे पिढ्यानपिढ्यांच्या कराराने असत आणि खंडाचा मोठा भाग वाइनच्या रूपात द्यावा लागे. म्हणजे उतारावरून द्राक्षं वर न्यायची किंवा खाली नदीवर न्यायची, आणि खत, काठ्या, पिंपं उलट दिशेने आणायची. वाटेची रुंदी, चढ, वळणं सगळं या ओझ्याने ठरवलं. चेस्टनटच्या रानातही तेच. वाटेच्या कडेला दगडी झोपड्या लागतात. त्यात मंद धुरावर चेस्टनट वाळवत. बटाटा रुळण्याआधी इथल्या गरिबाचं पोट या फळावर भरत असे, आणि त्या झोपडीपर्यंत पोतं नेता येईल एवढी वाट प्रत्येक वाडीने राखलेली होती.

मळ्यातली वाट जवळून पाहण्यासारखी आहे. उतार काही ठिकाणी ८० टक्क्यांच्याही पुढे जातो, म्हणजे सुमारे ४० अंश. तिथे माती थांबावी म्हणून चुना-सिमेंट न वापरता नुसत्या दगडावर दगड रचून भिंती घातल्या आहेत, कोकणात ज्याला आपण गडगा म्हणतो तशा. दोन गडग्यांमधली मातीची पट्टी कुठे चार हात रुंद, कुठे जेमतेम वेलींची एक ओळ मावेल एवढी. एका पट्टीवरून वरच्या पट्टीवर जायला जिना बांधायचा तर जागा वाया जाणार. म्हणून भिंत रचतानाच हातभर लांबीचे सपाट दगड मुद्दाम बाहेर काढून ठेवलेले असतात, एकाच्या वर तिरका दुसरा, त्याच्या वर तिसरा. त्यांना कठडा नाही, आधार नाही. तोडणीच्या दिवसांत वीसेक किलोचा क्रेट खांद्यावर घेऊन माणूस त्या दगडांवरून चढतो, तेव्हा उघड्या बाजूला दरी असते.

गडग्याचं तंत्र साधं दिसतं, तसं ते नाही. सिमेंट नसल्यामुळे पावसाचं पाणी भिंतीच्या फटींतून झिरपून जातं, मागे दाब साठत नाही. पण म्हणूनच तिला सतत माणूस लागतो. कुठे झाडाचं मूळ शिरलं, रानडुकराने मुळांसाठी माती उकरली, एक दगड निसटला की त्याच्या मागची माती सुटते. पुढच्या पावसात फुगा येतो आणि दोन-तीन वर्षांत भगदाड पडतं. मळेवाला छाटणीला येतो तेव्हा निसटलेला दगड सहज परत बसवतो. ते काम कुठल्या हिशोबात धरलेलं नसतं. तो यायचा थांबला की भिंत जाते, आणि वाट गडग्याच्या माथ्यावरून किंवा पायथ्यालगत असल्यामुळे तिच्याबरोबर वाटही जाते. असे दगड रचण्याच्या कलेला २०१८ साली युनेस्कोने अमूर्त वारशात घेतलं. अर्ज करणाऱ्या आठ देशांत स्पेन होता. मान मोठा आहे, पण त्यामुळे निसटलेला दगड जागेवर बसत नाही.

माणसं उतारावरून कशी गेली

या दरीतले मळे तीन धक्क्यांत ओस पडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला भुरी हा वेलींचा बुरशीरोग आला. गंधकाची फवारणी शिकेपर्यंत अनेकांची उमेद गेली. त्याच शतकाच्या अखेरीला फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी सूक्ष्म कीड आली आणि जुने वेल मुळासकट गेले. उपाय एकच होता, अमेरिकन खुंटावर कलम. (आपल्याकडे नाशिक-सांगलीचे बागायतदार डॉगरिज खुंटावर कलम करतात ते मुख्यतः पाण्याचा ताण आणि खारी जमीन यांसाठी, युरोपात खुंट आला तो या किडीच्या भीतीने.) सपाट जमिनीवर नव्याने लावणं परवडलं. ८० टक्क्यांच्या उतारावर, अर्ध्या एकराच्या तुकड्यावर, पुन्हा सगळं उकरून लावायचं कुणी? ज्यांच्याकडे जहाजाच्या भाड्याचे पैसे होते ते क्यूबा आणि अर्जेंटिनाला गेले. उरलेल्यांच्या मुलांनी पुढे जर्मनी आणि स्वित्झर्लंडचा रस्ता धरला.

मठ तर त्याआधीच, १८३५-३६ च्या सुमाराला, सरकारने बंद करून त्यांच्या जमिनी विकल्या होत्या.

डाव्या काठावरच्या गावांनी हंगामी स्थलांतराचे दोन अजब धंदे काढले. परादा दे सिल गावची माणसं माद्रिदला जाऊन बार्किय्यो विकत. ही पातळ कुरकुरीत नळीसारखी बिस्किटं. विक्रेत्याच्या पाठीवर पत्र्याचं उभं पिंप, पिंपाच्या झाकणावर फिरणारी चकती. गिऱ्हाईक पैसे देऊन चकती फिरवी आणि जो आकडा येईल तेवढी बिस्किटं घेई. शेजारच्या नोगेइरा दे रामुइन भागातले लोक चाकू-कात्रीला धार लावत गावोगाव फिरत, सहाणेचं चाक ढकलत. आपसांत बोलायला त्यांची बारायेते नावाची एक गुप्त बोलीही होती. परादाच्या वर दरीच्या काठावर जो खडक आहे त्याला ‘माद्रिदचे सज्जे’ म्हणतात. माद्रिदला निघालेल्या नवऱ्यांना बायका तिथून निरोप देत, अशी आख्यायिका आहे. आज दरीचे सगळ्यात जास्त फोटो तिथून काढले जातात, आणि ज्या वाटेने नवरे गेले तिचा एक तुकडा आता हिंडणाऱ्यांच्या नकाशात आला आहे.

तिसरा धक्का धरणांचा. ‘साल्तोस देल सिल’ ही वीज कंपनी १९४५ साली स्थापन झाली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सिलवर धरणांची रांग उभी राहिली. सान्तो एस्तेवोचं धरण त्यातलं या दरीला सगळ्यात जास्त बदलणारं. खळाळत वाहणाऱ्या नदीच्या जागी फुगवट्याचं स्थिर, हिरवट पाणी आलं. सगळ्यात खालचे मळे, नदीकाठची वाट, होड्या लावायचे धक्के बुडाले. मिन्योवर बेलेसारचं धरण १९६३ साली झालं, त्यात पोर्तोमारिन हे अख्खं गाव गेलं. तिथलं चर्च एकेक दगड सोडवून वरच्या नव्या गावात पुन्हा बांधलं. सिलच्या दरीत एवढं गाजावाजा करण्याजोगं काही बुडालं नाही, त्यामुळे त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पण वाटांच्या दृष्टीने नुकसान मूलभूत होतं. काठाकाठाने जाणारी आडवी वाट गेली आणि उरल्या त्या फक्त वरून खाली उतरणाऱ्या उभ्या वाटा, ज्या आता पाण्यापाशी येऊन संपतात. पर्यटकांच्या बोटी आज त्याच बुडालेल्या वाटेवरून जातात.

पुन्हा वर येणं

वाइनचं पुनरागमन १९९६ साली ‘रिबेइरा साक्रा’ या मूळस्थान-मानांकनाने अधिकृत झालं. अमान्दी, चान्तादा, किरोगा-बिबेइ, रिबेइरास दो मिन्यो आणि रिबेइरास दो सिल असे त्याचे पाच विभाग. लाल द्राक्षांत मेन्सिया मुख्य, पांढऱ्यांत गोदेयो. शिवाय ब्रान्सेयाओ, मेरेन्साओ, सोउसोन असे नावानेच अनोळखी वाटणारे जुने वाण. लागवड सुमारे १,२०० हेक्टर आणि शेतकरी दोन हजारांच्या वर, म्हणजे सरासरी अर्ध्या हेक्टरच्या आसपास. त्यातही तो अर्धा हेक्टर चार जागी विखुरलेला. वारसांत समान वाटण्या होत गेल्या की काय होतं ते आपल्या सातबाऱ्यावर दिसतंच.

अशा शेतीला युरोपात ‘वीरोचित द्राक्षशेती’ म्हणतात. ३० टक्क्यांच्या वर उतार, ५०० मीटरच्या वरची उंची, गडग्यांच्या पट्ट्या किंवा छोटी बेटं, असे निकष इटलीतल्या आओस्ता दरीतल्या सेर्विम या संस्थेने घालून दिले आहेत. मला हे नाव जरा भडक वाटतं. पण ट्रॅक्टर जात नाही, फवारणीचं यंत्र पाठीवर, तोडणी हाताने, हे मात्र खरं. अलीकडे अनेक मळ्यांत उभ्या उतारावर एकेरी रूळ टाकला आहे. त्यावरून छोटं इंजिन क्रेट भरलेली गाडी वर खेचतं. अमान्दीच्या काही तुकड्यांतून द्राक्षं अजूनही होडीने काढतात. रूळ आला आणि खांद्याचं ओझं गेलं ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्याबरोबर पट्टी ते पट्टी चढायची गरजही कमी झाली. रुळाच्या कडेची दगडी पायरी निखळली तर आता मळेवाल्याचं काही अडत नाही.

पर्यटनाची पावलं साधारण त्याच काळात पडली. सान्तो एस्तेवोच्या मठात २००४ साली सरकारी पारादोर हॉटेल सुरू झालं. २०१८ साली हा भाग ‘सांस्कृतिक भूदृश्य’ म्हणून संरक्षित झाला. २०२१ साली रिबेइरा साक्रा आणि शेजारच्या ओरिबिओ-कोउरेल डोंगररांगांना मिळून युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. आणि पालिकांनी वाटा रंगवायला घेतल्या.

रंगवलेली वाट

स्पेनमध्ये वाटेच्या खुणांची पद्धत ठरलेली आहे. लांब पल्ल्याच्या वाटेला पांढरा-लाल पट्टा, एका दिवसाच्या आतल्या वाटेला पांढरा-पिवळा. दोन पट्टे आडवे म्हणजे सरळ चला, फुली म्हणजे इकडे वळू नका. गालिसियात छोट्या वाटांना ‘पी-आर-जी’ आणि पुढे क्रमांक असतो. वाट कोणी सुचवायची आणि सांभाळायची ते काम पालिकेचं किंवा स्थानिक संस्थेचं. तपासून क्रमांक द्यायचा आणि हालत बिघडली तर तो काढून घ्यायचा अधिकार गिर्यारोहण महासंघाचा. कागदावर व्यवस्था चोख आहे.

परादा दे सिलची लोकसंख्या सहाशेच्या आत आहे. एवढ्याशा पालिकेच्या हद्दीत दरीतल्या दोन सर्वांत प्रसिद्ध वाटा येतात. ९८ क्रमांकाची वाट दरीच्या काठाने, रानातून, सान्ता क्रिस्तीनाच्या मठाकडे जाते. बाराव्या शतकाच्या आसपासचं रोमनेस्क चर्च, भोवती चेस्टनटची प्रचंड जुनी झाडं, काहींच्या पोकळ खोडात माणूस उभा राहील एवढी जागा. चालायला ही वाट अतिशय सुंदर आहे. पण चेस्टनट गोळा करायला येणारे हात कमी झाले आहेत, झाडांना शाई रोग आणि अलीकडे आलेली गाठी करणारी गांधीलमाशी छळते आहे, आणि खाली नेचे आणि काटेरी जाळी दर उन्हाळ्यात वाट गिळायला बघते. पालिकेचा माणूस कटर घेऊन वर्षातून एकदा-दोनदा येतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये रान आपलं काम करतं.

१७७ क्रमांकाची वाट माओ या उपनदीच्या घळीत आहे आणि मला ती जास्त बोलकी वाटते. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक छोटं जलविद्युत केंद्र होतं, ‘फाब्रिका दा लूस’, म्हणजे उजेडाचा कारखाना. ते बंद पडलं. आता त्या इमारतीत चालणाऱ्यांची राहायची सोय आहे. तिथून घळीच्या कड्याला लागून दोन किलोमीटरच्या आतबाहेर लांबीचा लाकडी मार्ग केला आहे. पायाखाली फळ्या, बाजूला कठडा, खाली नदी. ज्याला डोंगर चढायची सवय नाही तोही तिथून जातो, आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी होते ती याच तुकड्यावर. पुढे वाट सिलच्या बाजूला बार्शाकोवा वाडीपाशी येते. तिथे सान विक्तोरची मध्ययुगीन स्मशानभूमी आहे, खडकात माणसाच्या आकाराच्या कबरी कोरलेल्या. आणि तिथेच, डाव्या काठावर असूनही, वळणामुळे ऊन मिळालेल्या उतारावर द्राक्षांच्या पट्ट्या आहेत.

या एका वाटेवर तिन्ही प्रकार पाहायला मिळतात. लाकडी मार्ग हा पूर्णपणे नवा, केवळ पर्यटकासाठी, पालिकेच्या पैशावर उभा. फळी कुजली की बदलायची, नाहीतर मार्ग बंद. मधला रानातला तुकडा हा जुना, वापर संपलेला. कटरच्या जोरावर उघडा. आणि बार्शाकोवाचा तुकडा, जिथे मळेवाला जातो-येतो. तो स्वतःच स्वतःला उघडा ठेवतो. पावसाळी हिवाळ्यानंतर तिन्हींची अवस्था शेजारी शेजारी पाहिली तर कोणाचा खर्च कोण करतं हे कोणी न सांगता कळतं.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे नवं नाही. मीठ-भाताचे बैल जायचे थांबले, गाडीरस्ता दुसरीकडून गेला, की दोन पावसाळ्यांत घाटवाट कारवीत हरवते; नंतर ट्रेकर्सनी झाडांना रिबिनी बांधल्या तरी ती वाट राहते फक्त शनिवार-रविवारची.

गर्दी येते, पैसा थांबत नाही

इथे पालिकांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. वाटा रंगवल्या नसत्या तर परादासारख्या गावातलं एखादं खाणावळ-दुकानही उरलं नसतं. पण ‘माद्रिदच्या सज्ज्यां’वर येणारा बहुतेक माणूस गाडीने येतो, फोटो काढतो, बोटीचं तिकीट आधीच घेतलेलं असतं, आणि संध्याकाळी ओउरेन्से शहरात मुक्कामाला जातो. त्याने पाहिले पलीकडचे मळे. पण त्या मळ्यांचा गडगा ज्याच्या जिवावर उभा आहे त्याच्या हातात यातलं काही पडत नाही. तो मळेवाला दुसऱ्या प्रांतातला, दुसऱ्या पालिकेतला. ओस पेआरेसचं उदाहरण इथे फार बोलकं आहे: हे एवढंसं गाव दोन प्रांतांत आणि चार पालिकांत विभागलेलं आहे. दरी एक आहे, पण तिचा कारभार कुणा एकाचा नाही.

मळेवाल्याचीही तक्रार असते आणि ती रास्त आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तोडणी. नेमके तेच दिवस हवा थंड होत आलेली, रंग बदलायला लागलेले, आणि हिंडणारे सर्वांत जास्त. अरुंद रस्त्यावर क्रेट भरलेली गाडी आणि पर्यटकाची गाडी समोरासमोर आली की एकाला अर्धा किलोमीटर मागे जावं लागतं. मळ्यातल्या पट्टीवर चालणाऱ्याने गडग्याच्या कडेला पाय ठेवला की कडेचा दगड हलतो. त्यामुळे उजव्या काठावरचे लोक आपल्या मळ्यातून वाट न्यायला सहज तयार होत नाहीत, आणि पालिका सोपा मार्ग घेते: वाद नाही तिथे, म्हणजे रानातून, वाट रंगवते.

याच्या उलट उदाहरण शेजारच्याच मिन्योच्या खोऱ्यात आहे. ‘हिवाळी कामिनो’ ही सान्तियागो दे कोम्पोस्तेला या गालिसियातल्या ख्रिस्ती तीर्थाकडे जाणाऱ्या पायी यात्रेची एक शाखा. पोन्फेरादाहून निघून ती लास मेदुलास, बाल्देओर्रास, किरोगा, मोन्फोर्ते दे लेमोस, चान्तादा अशी जाते. एकूण सुमारे २६३ किलोमीटर. ओ सेब्रेइरोच्या घाटात बर्फ असताना यात्रेकरू हा खालचा रस्ता घेत, म्हणून हिवाळी, असं सांगतात. गालिसिया सरकारने तिला २०१६ साली अधिकृत मान्यता दिली. मोन्फोर्ते आणि चान्तादा यांच्या मध्ये ही वाट बेलेसारला मिन्योकडे उतरते. दगडी फरसबंदीची जुनी वाट, नागमोडी वळणं, दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या पट्ट्या, खाली पूल, आणि लगेच तेवढाच चढ चान्तादाकडे.

बेलेसारची वाट मळ्यांतून जाते आणि तरी भांडण नाही. मला याची दोन कारणं दिसतात. एक, ती पट्ट्यांवरून जात नाही. मळ्यांना जोडणाऱ्या सामाईक फरसबंद रस्त्याने जाते, त्यामुळे गडग्याला धक्का नाही. दुसरं महत्त्वाचं: यात्रेकरू चालतच येतो आणि चालतच जातो. सान्तियागोचं प्रमाणपत्र मिळायला शेवटचे किमान १०० किलोमीटर पायी चालावे लागतात, म्हणून बरेच जण मोन्फोर्तेहून सुरुवात करतात. त्याला रोज संध्याकाळी पलंग, जेवण आणि पेलाभर वाइन लागते, आणि ती त्याला याच खोऱ्यातून घ्यावी लागते. संख्या सज्ज्यांवरच्या गर्दीच्या मानाने किरकोळ, पण ती वर्षभर थोडी थोडी आणि प्रत्येक टप्प्यावर मुक्कामाची.

२०२५ चा ऑगस्ट

ऑगस्ट २०२५ मध्ये ओउरेन्से प्रांतात ज्या आगी लागल्या त्यांनी या चर्चेचा सूर बदलला. लारोउकोची आग ३० हजार हेक्टरांच्या आसपास पसरली; गालिसियाच्या नोंदींत एवढी मोठी आग नव्हती. ती सिलच्याच वरच्या खोऱ्यात, बाल्देओर्रासच्या वाइन-पट्ट्यात होती आणि पुढे लुगो प्रांतात किरोगाकडे गेली. लारोउको, सेआदुर भागात द्राक्षमळ्यांचंही नुकसान झालं. पण कसलेला मळा आणि सोडून दिलेला मळा यांतला फरक तिथे डोळ्यांनी दिसला. जिथे वेलींच्या ओळींत तण काढलेलं होतं तिथे आग कडेच्या वेलींना होरपळून मंदावली. जिथे पट्ट्यांवर वीस-तीस वर्षांचं झुडूप माजलं होतं तिथून ती वाऱ्याबरोबर धावली. आणि सोडून दिलेल्या पट्ट्यांतून जाणारी वाट आगीच्या वेळी बाहेर पडायचा रस्ता म्हणून निरुपयोगी ठरते, हेही त्यात आलं.

२०२१ साली गालिसियाने शेतजमीन पुन्हा लागवडीखाली आणण्यासाठी कायदा केला. गावाभोवतीची पडीक जमीन एकत्र करून कसणाऱ्याला भाड्याने द्यायची, मालकाचा मालकीहक्क तसाच ठेवून, आणि त्यातून वस्तीभोवती आगीला अडवणारा पट्टा तयार करायचा, असा त्यातल्या ‘आदर्श वाडी’ योजनेचा गाभा आहे. गालिसियात जमिनीचे मालक ब्यूनोस आयर्सपासून झुरिकपर्यंत पसरलेले असल्यामुळे संमती गोळा करणं हेच निम्मं काम. तरी दिशा बरोबर आहे, कारण ती मळ्यापासून सुरू होते.

त्यात वाटेचा समावेश व्हायला हवा, असं माझं म्हणणं आहे. आज वाट पर्यटन खात्याच्या अंदाजपत्रकात असते आणि गडगा शेतकी खात्याच्या. कटरवाला ठेकेदार जूनमध्ये, मोसमाच्या तोंडावर येतो, झुडूप कापतो, जातो; निसटलेल्या दगडाकडे त्याने पाहावं अशी अपेक्षा करारातच नसते. त्याऐवजी उतारावर ज्याचा मळा आहे त्यालाच त्याच्या पट्टीलगतच्या वाटेचे मीटर मोजून वार्षिक रक्कम द्यावी, आणि कामात झुडपाबरोबर गडगाही धरावा. काम जानेवारी-फेब्रुवारीत व्हावं: त्या दिवसांत पाऊस पडून गेलेला असतो, कोणती भिंत फुगली आहे ते दिसतं, आणि छाटणीसाठी तो तसाही हातात कात्री घेऊन तिथेच असतो. सोबेर पालिकेने हे एखाद्या उतारावर करून पाहायला हरकत नाही. ईस्टरच्या आधीच्या रविवारी सोबेरला अमान्दीच्या वाइनची जत्रा भरते, तेव्हा सगळे मळेवाले एका जागी असतात; करारावर सह्या घ्यायला त्याहून सोयीचा दिवस नाही. रक्कम पहिल्या वर्षी लाकडी मार्गाच्या फळ्या बदलण्याच्या खर्चातून वळवता येणार नाही, कारण तो दुसऱ्या प्रांतातल्या पालिकेचा पैसा आहे. ती रक्कम प्रादेशिक सरकारनेच द्यायला हवी, आणि मागणी दोन्ही काठांच्या पालिकांनी मिळून करावी लागेल.